हे अंशतः खरे आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

राज्ये परचक्राने बुडतात, असे इतिहासकार मानतात. इतिहासकार कधी आमदार नव्हते. राज्ये बुडतात ती स्पंजाने.

आज अधिवेशनाचा पहिला दिवस. सभागृहात पाऊल टाकतो तो काय, आमच्या बाकांच्या पुढच्या फळ्यांवर रेक्झिन चढवलेले आणि आत दोन बोटे जाड स्पंज. आमचा मंत्री बोलायला उभा राहिला. पहिल्याच वाक्याला मी रिवाजाप्रमाणे तळहात आपटला. आवाज आला तो उशीवर मांजर बसल्याचा. तीस वर्षे मी बाक वाजवत आलो आहे. माझी थाप पडली की पत्रकार मान वर न करता ओळखत. ते सारे वैभव एका शिंप्याने शिवून टाकले.

कॅन्टीनमध्ये दोघांपाशी दुःख व्यक्त केले. एक म्हणाला, बरं झालं, तुमच्या हाताला आराम. दुसरा म्हणाला, आमच्या झोपेलाही.

घरी हिला सांगितले. ही म्हणाली, बाक वाजत नसेल तर तोंड वाजवा, एखादा प्रश्न विचारा. घरचा विरोधी पक्ष.

यंदा निवडणूक. पक्षाने नवी टूम काढली आहे : तिकीट देण्याआधी विद्यमान आमदारांचा इंटरव्ह्यू, मार्चअखेर. सभागृहात काय काम केले ते सांगायचे म्हणे. सहा वेळा निवडून आलेल्या माणसाचा इंटरव्ह्यू! समुद्राला विचारायचे, पोहता येते का? असो. सातवे तिकीट ही औपचारिकता आहे. तरी संकल्प सोडला : या अधिवेशनात एक प्रश्न विचारायचाच. औपचारिकतेलाही थोडी सजावट हवी.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी

चहाचा पहिला घोट घेतो तोच दारात सिस्टर. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यातली मुख्य परिचारिका. मतदारसंघ राजधानीला लागून असल्याचा हा तोटा. आमदार रोज घरी सापडतो.

विषय तोच. दवाखान्याची लिफ्ट. तीन निवडणुका झाल्या, ती बंद आहे. ऑपरेशन थिएटर दुसऱ्या मजल्यावर. पेशंटला खुर्चीत बसवतात आणि दोन वॉर्डबॉय खुर्ची उचलून जिना चढतात. सिस्टर म्हणाली, साहेब, परवा एका आजोबांना असंच नेत होतो, तर मधल्या वळणावर ते मला विचारतात, पोरी, वर म्हणजे नक्की किती वर?

मी मनापासून हसलो. ती हसली नाही. विनोदबुद्धी ही दैवी देणगी आहे, सर्वांना लाभत नाही.

मी म्हणालो, या अधिवेशनात प्रश्न नक्की. ती म्हणाली, मागच्या वेळीही नक्कीच होता. मी म्हणालो, ते नक्की वेगळे. आतून ही ओरडली, सिस्टर, चहा घेऊन जा, तेवढा तरी आज नक्की मिळेल.

पीएला फोन करून प्रश्न दाखल करायला सांगितले. याला मी टाचणी म्हणतो. किरकोळ अंगाचा, सगळे कागद एकत्र धरून ठेवतो आणि अधूनमधून टोचतो. तो म्हणाला, साहेब, खरंच करू की म्हटल्यासारखं करू?

६ फेब्रुवारी, गुरुवार

शोकप्रस्ताव. एक माजी सदस्य निवर्तले. नेतेमंडळी बोलली की सभागृहातल्या ज्येष्ठतम सदस्याने बोलायचे, हा आमचा शिरस्ता. आणि ज्येष्ठतम मी. गेली दहा वर्षे जो कोणी गेला, तो माझ्या हातून गेला आहे.

भाषण उत्तम झाले. राजकारणात येण्यापूर्वी तीन वर्षे शाळेत संस्कृत शिकवत होतो, त्याचा असा उपयोग होतो. कालपुरुषाचे कराल मुख, नियतीचा दुर्लंघ्य लेख, सगळे यथास्थित. ‘दिलदार, मनमिळाऊ, अजातशत्रू’ या त्रयीवर तर पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी डोळे पुसले. गेलेला गृहस्थ भांडकुदळ होता हे खरे. पण आता भांडणार कोणाशी? अजातशत्रू झालाच की.

एकही व्यत्यय नाही. विरोधी बाकांवरचा तो बोकडदाढीवाला, जो मुख्यमंत्र्यांचेही वाक्य पुरे होऊ देत नाही, तोसुद्धा मान खाली घालून बसला होता. मी समारोप केला आणि संपूर्ण सभागृह उठून उभे राहिले. किती वक्त्यांच्या नशिबी हे येते? माझ्या दर वेळी येते.

शेजारी पहिलटकर बसतो. आमच्याच पक्षाचा, पहिल्यांदाच निवडून आलेला पोरगेला आमदार. तो नंतर पाणीपुरवठ्यावर बोलायला उठला. काय त्याचे हाल! खाली बसा, आकडे कुठले, आधी तुमच्या गावचा नळ दाखवा. दर वाक्याला ओरडा. घाम पुसत बसला बिचारा. मी म्हणालो, बाळ, सभागृह ताब्यात ठेवायची कला असते. माझ्या वेळी पाहिलेस ना? तो म्हणाला, हो काका, पण ते दोन मिनिटं उभं राहायचा नियमच आहे ना?

नवीन पिढीला निरीक्षण नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टाचणी धावत आला. प्रश्न स्वीकारला गेला! तारांकित, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागणार. गुरुवार, वीस तारीख, क्रमांक तीन. सिस्टरला कळवले. ती रजा टाकून गॅलरीत येणार आहे. म्हणाली, डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास बसायचा नाही. उत्साह पाहून बरे वाटले.

संध्याकाळी हिच्यासमोर तालीम. खुर्चीमागे उभा राहिलो, घसा साफ केला, सुरुवात केली : अध्यक्ष महोदय, आमच्या गावची लिफ्ट आज आपल्यात नाही...

ही म्हणाली, अहो, बंद आहे ती. गेली नाही.

पुन्हा सुरुवात. अध्यक्ष महोदय, या लिफ्टच्या थांबण्याने जी पोकळी निर्माण झाली आहे... ही म्हणाली, पोकळी लिफ्टच्या आधीपासूनच असते, तिच्यातच ती बसवतात. मग भाजी निवडायला घेतली. तालीम तहकूब.

अजून आठवडा आहे. जमेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

थोरले अत्यवस्थ असल्याचे टाचणीने सांगितले. थोरले म्हणजे सभागृहाचे माजी अध्यक्ष. मला राजकारणात आणले ते त्यांनी. तातडीने भेटायला गेलो. निव्वळ प्रेमापोटी. खिशात चार ओळींचे टिपण होते, ते केवळ पूर्वतयारी म्हणून.

थोरले उशांना टेकून बसले होते. मी सहज विचारले, आपला जन्म कोणत्या गावचा? शाळा कोणती? पहिली निवडणूक कोणाविरुद्ध लढलात? थोरले म्हणाले, काय रे, मापं घ्यायला आलास?

मी कानांवर हात ठेवले. ते म्हणाले, लाजू नकोस, तूच बोलणार हे ठाऊक आहे मला. फक्त दोन गोष्टी कर. ते कालपुरुषाचं तोंड मधे आणू नकोस. आणि माझ्यासाठी सभागृह बंद पाडू नका. मी अध्यक्ष होतो तेव्हा बघायचो, कुणी गेलं की सगळ्यांचे चेहरे कसे खुलायचे. दिवसभराची सुट्टी! काम करा म्हणावं.

केवढा हा विनय! निघताना म्हणाले, लिफ्टचा प्रश्न लावलायस म्हणे? विचार, विचार. एकदा जिवंत माणसाचंही बोलून बघ.

मोठी माणसे शेवटी शेवटी जरा गूढ बोलतात.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दिवसाची हकीकत शांतपणे, क्रमाने लिहितो. भविष्यात गैरसमज नको.

थोरले काल दुपारी गेले. आज सभागृह भरले. वर गॅलरीत सिस्टर, शेजारच्या अधिकारी कक्षात टाचणी. अध्यक्षांनी जाहीर केले, दिवंगतांच्या इच्छेनुसार कामकाज बंद राहणार नाही. शोकप्रस्ताव होईल आणि लगेच प्रश्नोत्तरे. मी मनात म्हटले, योग्य आहे.

मग मी बोलायला उठलो.

तीस वर्षांत असा सूर लागला नव्हता. कालपुरुषाला मी कटाक्षाने दूर ठेवले. त्याऐवजी महाकाल आणला. सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आमची टाचणी मात्र अधिकारी कक्षात उभी राहून सारखी बोट वर करून काही दाखवत होती. वर, वर, वर. मला वाटले, स्वर्गाविषयी राहिले. दोन वाक्ये घातली. तो अधिकच जोरात दाखवू लागला. आणखी दोन घातली.

आणि त्या भरात मी म्हणालो, अशा महापुरुषाच्या चितेची धग विझलेली नसताना आपण नळ, गटारे आणि जिने यांची चर्चा करत बसायचे? जिने म्हणालो मी. त्या वेळी लक्षात आले नाही. पुढे म्हणालो, दिवंगतांचा विनय त्यांच्यापाशी; आपले कर्तव्य आपल्यापाशी. आजचा दिवस सभागृह तहकूब करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विरोधकांनी माझ्या सूचनेला प्रथमच एकमुखी पाठिंबा दिला. सत्ताधाऱ्यांनीही. आरोग्यमंत्री तर इतके गहिवरले की त्यांनी समोरची लिफ्टची फाईल तिथल्या तिथे मिटली. अध्यक्ष नाइलाजाने हो म्हणाले. सगळे उभे राहिले.

मौन सुरू असताना मान खाली होती. समोर आजचा कार्यक्रम पडलेला. त्यात क्रमांक तीन. त्यापुढे माझे नाव.

मौन पाळत असल्यामुळे काही बोलता आले नाही.

बाहेर पायऱ्यांवर सिस्टर भेटली. म्हणाली, साहेब, छान बोललात. मला रडू आलं. आधी थोरल्यांसाठी, मग लिफ्टसाठी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चूक अध्यक्षांची आहे. ज्येष्ठ सदस्य भावनेच्या भरात असताना त्याला त्याच्या प्रश्नाची आठवण करून देणे हे पीठासीन अधिकाऱ्याचे काम.

टाचणीचीही आहे. खुणा सुस्पष्ट हव्या होत्या. तो म्हणतो, साहेब, लिफ्टची खूण याहून वेगळी कशी करतात? मी म्हणालो, वर आणि मग खाली. तो म्हणाला, आपली खाली येतच नाही ना.

थोडी थोरल्यांचीही आहे. एक दिवस थांबले असते.

पक्षात कुजबूज आहे म्हणे की मी स्वतःचाच प्रश्न स्वतःच बंद पाडला. असे पूर्वी कोणी केलेले नाही. म्हणजे तो विक्रमच की.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सभागृहात न आलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. आज मिळाले. प्रश्न : सदर लिफ्ट बंद आहे, हे खरे आहे काय? उत्तर : हे अंशतः खरे आहे. प्रश्न : असल्यास, ती सुरू करण्याबाबत कोणती कार्यवाही केली? उत्तर : बाब विचाराधीन आहे.

मोठा विजय. ‘हे खरे नाही’ असे लिहिण्याची सरकारला हिंमत झाली नाही! उत्तर स्वतः दवाखान्यात नेऊन सिस्टरला दाखवले. तिने दोनदा वाचले. म्हणाली, अंशतः म्हणजे कुठला अंश हो? वर जाण्याचा की खाली येण्याचा?

दवाखान्यासमोरचा औषधवाला तिथेच जिन्यात उभा होता. तो म्हणाला, साहेब, मंत्र्यांना एकदा खुर्चीत बसवून अंशतः वर न्या, मधल्या वळणावर ठेवा. सगळा जिना हसला. मीही हसलो, पण अंशतः.

५ मार्च, बुधवार

आनंदाचा दिवस. साहेबांना, म्हणजे आमच्या पक्षाध्यक्षांना, पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. पंधरा तारखेला भव्य सत्कार. आणि प्रमुख भाषण कोणाचे? माझे! साहेब स्वतः म्हणाले म्हणे, बोलायला तोच हवा, त्याच्यासारखं गुणगान कोणी करत नाही.

तिकिटे साहेबच वाटतात. ज्याअर्थी भाषण माझे, त्याअर्थी तिकीट माझे. न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात. आणि धूर दिसला की अग्नी असतोच.

हिला सांगितले. ही मग म्हणाली, अहो, रागावणार नसाल तर एक सांगते. ते जिवंत आहेत, एवढं लक्षात ठेवा. लागलं तर कागदावर लिहून घ्या.

लिहून घेतले. कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात : जिवंत.

१५ मार्च, शनिवार

सत्कार. सभागार खचाखच. आजी आमदार, माजी आमदार, सगळे. पहिल्या रांगेत साहेब, शेजारी त्यांचे कुटुंब. दुसऱ्या रांगेत ही.

पहिली काही मिनिटे मी वर्तमानकाळ शर्थीने सांभाळला. साहेब आहेत, साहेब करतात, साहेब बोलतात. मग त्यांच्या बालपणाकडे वळलो. तिथे ‘होते’ अटळच. आणि एकदा गाडी त्या उतारावर लागली की ब्रेक लागत नाही, हे चालकालाच कळते. तरी सावरले. आज साहेब आपल्यात... असे म्हणून थांबलो. सभागाराचा श्वास थांबला. हिने कार्यक्रमपत्रिका तोंडावर धरली. मी म्हणालो, ...आहेत!

टाळ्यांचा कडकडाट. तो कडकडाटच नडला. इतकी दाद मिळाल्यावर कागदाकडे कोण बघतो? चष्मा काढून ठेवला आणि उत्स्फूर्त बोलू लागलो. दिलदार, मनमिळाऊ, अजातशत्रू. त्यांनी मागे ठेवलेला विचारांचा वारसा. त्यांच्या कुटुंबीयांच्या भावनांत आपण सहभागी आहोत. आणि आता आपण सर्वांनी उभे राहून...

पुढे काही बोललोच नाही मी. शपथेवर सांगतो, ‘उभे राहून’ एवढेच बोललो. पण समोर सगळे सभागृहात मुरलेले लोक. खुर्च्या सरकल्या, अख्खे सभागार उभे राहिले, माना खाली. साहेबही उभे राहिले. मान खाली. बहुधा सवयीने.

थोड्या वेळाने साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी माझी खाली घातली. मौनभंग माझ्या स्वभावात नाही.

गाडीत ही एक शब्द बोलली नाही. फक्त खांदे हलत होते. बहुधा भावनावेग.

एकंदर सन्मान अभूतपूर्व. पंचाहत्तरीला स्वतः सत्कारमूर्तीला उभे करणारा वक्ता मीच.

१६ मार्च, रविवार

टाचणीच्या सांगण्यावरून : सकाळी तीन गावांचे लोक फुलांची चक्रे घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेले. दार साहेबांनीच उघडले. एक जण दचकून दोन पायऱ्या मागे घसरला. एकाने धीर करून विचारले, कधी न्यायचं?

लोकप्रियता! मी साहेबांना अभिनंदनाचा फोन केला. ते घरात नव्हते. नोकर म्हणाला, साहेबांनीच सांगितलंय की ते घरात नाहीत.

२४ मार्च, सोमवार

इंटरव्ह्यू. पक्ष कार्यालयातली मागची खोली, हिरव्या कापडाचे टेबल, पंखा बिघडलेला. साहेब, खजिनदारबाई आणि एक चिटणीस. मी दारात नमस्कार केला. साहेब म्हणाले, या, बसा. उभे राहू नका, मला धास्ती वाटते.

मी प्रस्तावना सुरू केली : तीस वर्षांपूर्वी ज्या दिवशी या पवित्र सभागृहाच्या पायरीवर... खजिनदारबाई म्हणाल्या, भाषण नको, काम सांगा.

माझे वाक्य मध्येच तोडले गेले! असे कधी झाले होते, आठवत नाही. पुढचा शब्द सापडेना. पायरीवरच उभा राहिलो. शेवटी म्हणालो, दवाखान्याच्या लिफ्टचा प्रश्न मी धसाला लावला. साहेबांनी विचारले, सुरू झाली का? मी म्हणालो, अंशतः.

चिटणीस खोकल्यासारखा हसला.

साहेब म्हणाले, हे बघा. तुम्ही माणूस वाईट नाही. राग तर मी त्या दिवशीच गिळला. मला एकच सांगा. सहा वेळा निवडून आलात. सभागृहात उभं राहून एका जिवंत माणसासाठी काही मागितलंत आणि ते मिळालं, असं एक. दोन नकोत. सांगा आणि तिकीट घेऊन जा.

मी म्हणालो, एवढ्यांतून एक निवडायचे म्हणजे अन्याय होईल. साहेब म्हणाले, करा अन्याय. मी छताकडे पाहिले. पंखा खरोखरच बिघडलेला होता. साहेब म्हणाले, बरं, आठवलं की फोन करा. मी आहे तोवर करा म्हणजे झालं.

एकच! सोपे आहे. उद्या सकाळीच कळवतो.

२५ मार्च, मंगळवार

बसथांब्यावरचे छत! हिला सांगितले. ही म्हणाली, ते वादळात शेजारच्या मतदारसंघातून उडून आलंय, आपण नुसतं बांधून ठेवलं.

२६ मार्च, बुधवार

शाळेची इमारत. टाचणी म्हणतो, ती माझ्या आधीच्या आमदाराने मंजूर करून आणली, मी उद्घाटन केले. बरे, वाचनालय? ते दिवंगत सदस्याच्या नावे. पूल? तोही. टाचणी म्हणाला, साहेब, आपलं सगळं दिवंगतांच्याच नावे निघतंय.

पहिलटकराला सहज विचारले, तुला काही आठवते का? तो म्हणाला, काका, मी आत्ता आलोय हो. तुमची तीस वर्षं मी कशी आठवू?

२७ मार्च, गुरुवार

आज ही जेवताना म्हणाली, इतकं काय लावून घेता? गावात कुणाकडे वाईट झालं की पहिले तुम्ही पोचता. रात्र बघत नाही, पाऊस बघत नाही. ते काही खोटं नाही. मी म्हणालो, ते गेलेल्यांसाठी झाले; साहेबांना जिवंत हवा आहे. ही म्हणाली, मागे राहिलेले जिवंतच असतात की.

सापडले! जेवण तसेच टाकून साहेबांना फोन. घाईघाईत वाक्य ऐकवले. साहेब म्हणाले, वाक्य छान आहे. वहिनींचं आहे ना?

मग म्हणाले, घरी कुणी रडत असताना जाणं वेगळं. ते तुम्ही आमदार नसतात तरी केलं असतंत. मी सभागृहातलं विचारलं.

३१ मार्च, सोमवार

यादी लागली. आमच्या गावचे तिकीट औषधवाल्याला.

आधी सिस्टरला विचारले होते म्हणे. ती म्हणाली, मला वेळ नाही, दुसऱ्या मजल्यावर पेशंट आहेत. मग तिनेच याचे नाव सुचवले.

याचे सार्वजनिक कार्य काय? तर दवाखान्याच्या जिन्याला कठडा. पूर्वीचा मोडला होता, याने दुकान बंद करून लोहार आणला आणि नवा बसवून घेतला. बस्स! ना प्रश्न, ना चर्चा, ना भाषण. कठडा हे काय धोरण झाले? लिफ्टसारख्या मूलगामी प्रश्नाला यामुळे बगल मिळते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दुपारी गुपचूप जाऊन पाहून आलो. जिना चढलो. मधल्या वळणावर दम लागला. कठडा धरला. मजबूत आहे.

३ एप्रिल, गुरुवार

अधिवेशनाचा आणि या सभागृहाचा शेवटचा दिवस. जे परत येणार नाहीत त्यांना निरोप. माझ्याविषयी बोलायला पक्षाने पहिलटकराला उभे केले.

तो उठला. मी मनात म्हटले, आता ओरडा सुरू होणार, याला कधी कोणी बोलू दिले आहे? कोणी ओरडले नाही. बोकडदाढीवाल्यानेही नाही. सगळ्यांच्या माना खाली. पोरगा म्हणाला, दिलदार. म्हणाला, मनमिळाऊ. मी ओळखले. पुढचा शब्द त्याच्या आधी माझ्या तोंडात आला. नंतर पोकळी, नंतर वारसा. उच्चार स्वच्छ होते. पुढच्या बाकावरच्या त्या बाईंनी डोळे पुसले. त्या त्याच जागी नेहमीच पुसतात, हे आज कळले. भाषण संपले तेव्हा मागचे एक म्हातारे सदस्य सवयीने अर्धे उठले. शेजाऱ्याने त्यांना हाताला धरून खाली बसवले.

बाहेर लॉबीत पहिलटकर माझ्या मागे आला. म्हणाला, काका, रागावू नका. तुमच्यावर वेगळं काहीतरी बोलायचं मनात होतं. सगळ्यांना विचारत फिरलो. सगळे म्हणाले, चांगला माणूस. पुढे काय, तर कुणाला सुचेना. म्हणून तुमचीच वाक्यं घेतली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि छान बोललास म्हणालो. खरेच छान बोलला होता.

घरी आल्यावर हिने विचारले, कसं झालं? मी म्हणालो, अगदी शांततेत.

तिकिटाचे मला फारसे काही वाटत नाही, असे मघापासून इथे लिहायचे होते. ते खोटे आहे, पण खुपते ते तेवढेच नाही. साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे, आणि ते नाही हे मला त्या खोलीतच कळले होते. माजी सदस्यांसाठीही शोकप्रस्ताव होतो. एक दिवस माझा होईल. तेव्हा जो कोणी उभा राहील त्यालाही माझ्याविषयी बोलायला काही सापडणार नाही. तरी तो बोलेल, आणि त्याला कोणी अडवणार नाही.